मलंगगडावरील नामस्मरण

माघी पौर्णिमेला कल्याणजवळचा मलंगगड गजबजतो. कोणास ते हाजी मलंगबाबांचे स्थान, कोणास मच्छिंद्रनाथांची समाधी. सूफी साधक एकत्र बसून ईश्वराची नामे घेतात, त्यास ‘जिक्र’ म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ स्मरणच! त्यांची नव्याण्णव नामे ऐकून आम्हा कीर्तनकारांस विष्णुसहस्रनाम न आठवेल तरच नवल.

येथील वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे. १९५०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयानेही हे स्थान संमिश्र मानून त्यास स्वतःची रूढीच लागू केली. तरी जानेवारी २०२४मध्ये, तेही मलंगगडाच्या हरिनाम महोत्सवात, तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी ‘मुक्ती’ची भाषा केली. मालकीचा वाद न्यायालयात खुशाल चालावा. नामाचा मंडप त्यासाठी नव्हे, असे मला वाटते.