भिकबाळी मिरवा, पण कान सांभाळा!

मित्रहो, गणेशोत्सव आणि गॅदरिंग जवळ आलं की आपल्या होस्टेलवर एक साथ येते... भिकबाळीची! मेसमध्ये मग वाद रंगतो : ही परंपरा की नुसती फॅशन? मला त्या वादात रस नाही. माझं म्हणणं एवढंच, की कान टोचणं पाच मिनिटांचं काम आहे आणि तो बरा करणं कित्येक महिन्यांचं. या दुसऱ्या कामाबद्दल कोणी बोलतच नाही.

जरा थिअरी बघू. लहानपणी सोनाराने टोचलेली कानाची पाळी साधारण ६ ते ८ आठवड्यांत बरी होते. भिकबाळी मात्र कानाच्या वरच्या भागात, म्हणजे कूर्चेत असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे जखम भरायला ६ महिने, कधी वर्षही लागतं. तिथे पू झाला तर औषध नीट पोचत नाही आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. म्हणूनच इथे गनने टोचू नये. नवी, निर्जंतुक सुई आपल्यासमोर फोडलेली हवी.

होस्टेलवर डॉक्टरांची कमी नाही! एक म्हणतो आफ्टरशेव्ह लाव, दुसरा म्हणतो स्पिरिट. दोन्हींनी नव्या पेशीच मरतात. "रिंग फिरवत राहा, नाहीतर चिकटेल," हा सल्लाही चुकीचा. प्रत्येक वेळी आतली कोवळी त्वचा सोलली जाते. हात साबणाने धुवा, मेडिकलमधल्या ०.९ टक्के सलाईनने दिवसातून दोनदा जखम साफ करा, कोरडी करा आणि मग तिला हात लावू नका. बस्स! त्या कुशीवर झोपू नका. उशीचा अभ्रा सेमिस्टरमधून एकदा धुणाऱ्यांनी ही सवय बदलावी. हेल्मेट घालायचंच, पण कान सांभाळून. स्टॉलवरच्या स्वस्त रिंगमध्ये बहुधा निकेल असतं, त्याची ॲलर्जी येते. टायटॅनियम किंवा चांगलं सोनं बरं. वर्कशॉपमध्ये दागिने चालत नाहीत आणि नवी रिंग काढता येत नाही, म्हणून सुट्टी लागल्यावरच टोचा.

सुरुवातीला थोडा पातळ स्राव आणि खपली येणारच. पण लाली पसरली, कान गरम झाला, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रिंग स्वतः उपटू नका. भोक बुजतं आणि पू आतच राहतो.

आता सरांना आणि रेक्टरना एक विनंती. घरी फोन जाईल या भीतीने मुलं सुजलेला कान टोपीखाली लपवतात, आणि लपवलेलं दुखणंच वाढतं. रागवा जरूर, पण आधी दवाखान्यात पाठवा.

आणि मित्रांनो, एवढी उस्तवार जमणार नसेल तर बाजारात दाबाची भिकबाळी मिळतेच. गॅदरिंगच्या फोटोत फरक कोणाला कळणार आहे?