प्रयोगाला टाळ्या, खरेदीला कुलूप

क्षयरोगाविरुद्धची १०० दिवसांची विशेष मोहीम ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ३४७ जिल्ह्यांत सुरू झाली. हातात धरून नेता येण्याजोगी क्ष-किरण यंत्रे या मोहिमेत गावोगाव, जोखमीच्या वस्त्यांपर्यंत नेण्यात आली. छातीची प्रतिमा काही क्षणांत वाचायची आणि कोणाला पुढील तपासणीची गरज आहे ते सांगायचे, हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणालीचे. क्ष-किरणतज्ज्ञ जेथे जिल्ह्याच्या ठिकाणीही सहजी मिळत नाही, तेथे ही सोय मोलाची आहे. १५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींच्या प्राथमिक तपासणीसाठी अशा प्रणाली वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्येच संमती दिली होती. या तंत्रज्ञानाच्या किमयेविषयी बरेच लिहिले जाते. सरकारने ते कोणत्या नियमाने आणि कोणत्या निकषावर विकत घ्यावे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मला तोच प्रश्न अधिक निर्णायक वाटतो.

सरकारी खरेदीची रीत सर्वांना ठाऊक आहे. निविदा दोन लिफाफ्यांत येते. तांत्रिक लिफाफ्यात पात्र की अपात्र एवढेच ठरते. पात्र ठरलेल्यांचे आर्थिक लिफाफे उघडतात आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला कार्यादेश मिळतो. खुर्च्या, खाटा, सलाइनच्या बाटल्या यांच्यासाठी ही रीत वाईट नाही. दोन कंपन्यांच्या बाटल्या ठरलेल्या मानकात बसत असतील, तर स्वस्त ती घ्यावी. त्यात करदात्याचे हित आहे. पण छातीची प्रतिमा वाचणारी प्रणाली ही सलाइनची बाटली नव्हे. दोन प्रणाली एकाच तांत्रिक कसोटीला उतरतील आणि तरीही प्रत्यक्ष वस्तीत त्यांचे वर्तन निराळे असेल.

उदाहरणादाखल साधा हिशेब मांडतो. एक लाख लोकांची तपासणी झाली. पहिल्या प्रणालीने त्यांतील पाच टक्के लोकांना संशयित ठरवले, दुसरीने आठ टक्के. खरे रुग्ण दोघींनी सारखेच पकडले असे धरू. दुसरी प्रणाली घेतली तर तीन हजार निरोगी माणसांच्या थुंकीची रेण्वीय चाचणी अधिकची करावी लागेल. त्या चाचणीची चिप, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचा वेळ, नमुना पोहोचवण्याचा खर्च आणि त्या तीन हजार माणसांच्या बुडालेल्या मजुऱ्या यांपैकी एकही रक्कम दुसऱ्या लिफाफ्यात नसते. उलटही घडू शकते. संशयाची मर्यादा कडक ठेवून चाचण्या वाचवणारी प्रणाली कागदावर काटकसरी दिसेल आणि रुग्ण मात्र खोकत घरी परत जाईल. ही मर्यादा कोठे ठेवायची हे त्या त्या लोकसंख्येतील रोगाचे प्रमाण आणि हाताशी असलेल्या चाचण्यांची संख्या पाहून कार्यक्रमानेच ठरवायचे असते. सर्वांत कमी दराच्या नियमाला या निर्णयाशी देणेघेणे नाही.

नियम अगदीच ताठर राहिले आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी, गुणवत्तेला महत्त्व देणाऱ्या खरेदीत दराबरोबर गुणांनाही वजन देण्याची मुभा दिली. पण हे वजन जास्तीत जास्त ३० टक्के, आणि तेही बांधकामे व सल्लागार सेवांखेरीजच्या अन्य सेवांपुरते. वस्तूंच्या खरेदीला ही मुभा नाही. आता प्रणाली यंत्रात बसवून आली, तर ती वस्तू की सेवा? यंत्र ही वस्तू, हे उघड आहे. त्यातली बुद्धी मग निविदेच्या परिशिष्टातील एक ओळ होऊन बसते, आणि यंत्र बनवणाऱ्याने कोणाची प्रणाली आत घालावी हा त्याच्या दराच्या गणिताचा प्रश्न ठरतो. ज्या भागावर निदान अवलंबून आहे, त्याचीच स्वतंत्र पारख होत नाही.

दुसरी मुभा नवउद्यमींसाठी आहे. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १७३ नुसार गुणवत्ता आणि तांत्रिक निकष पूर्ण होत असतील, तर पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटी स्टार्टअपसाठी शिथिल करता येतात. ‘करता येतात’ या शब्दांवरच सारे अडते. शिथिल करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. शिथिल केले आणि कंपनी वर्षभराने बुडाली, तर लेखापरीक्षणाचा शेरा त्याच्या नावावर येणार. शिथिल न करता नेहमीच्या मोठ्या ठेकेदाराला काम दिले आणि ते निकृष्ट निघाले, तर त्याला कोणी काही विचारणार नाही, कारण नियम पाळले गेले होते. अशा स्थितीत शहाणा अधिकारी काय करील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि सार्वजनिक हिताविना दुसऱ्याला आर्थिक लाभ मिळवून दिला एवढ्याच कारणाने अधिकाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे कलम वगळले गेले. कायदा बदलला, पण सही करताना थबकणारा हात बदललेला नाही. दक्षता आयोग, लेखापरीक्षक आणि तपास यंत्रणा या तिघांची सावली प्रत्येक नस्तीवर पडलेली असते.

या भीतीतून एक सोयीस्कर पळवाट निघाली आहे आणि ती म्हणजे प्रायोगिक प्रकल्प. खरेदी करायची नाही, प्रयोग करायचा. कंपनीने आपले उपकरण दोन तालुक्यांत सहा महिने फुकट द्यावे, उद्घाटनाला मंत्री यावेत, छायाचित्रे निघावीत. जैवतंत्रज्ञान उद्योग संशोधन साहाय्य परिषद, अर्थात बायरॅक, ही केंद्र सरकारचीच संस्था नवकल्पनेला ५० लाख रुपयांपर्यंत प्रारंभिक अनुदान देते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातर्फे अनुकरणीय व नावीन्यपूर्ण उपक्रमांची राष्ट्रीय परिषद भरते आणि तेथे राज्ये आपापले प्रयोग मांडतात. संशोधनाला पैसा आहे, प्रयोगाला व्यासपीठ आहे. नसते ती मागणीची खात्री. राज्ये केंद्राकडे आपले आराखडे पाठवतात, त्यांतील एकेक ओळ मंजूर होऊन येते, आणि वर्षागणिक शुल्क भरावे लागणारी प्रणाली अशा ओळींच्या चौकटीत नीट मावत नाही. यंत्र एकदा घेऊन टाकता येते, भिंतीला टेकून ठेवता येते, साठा नोंदवहीत त्याची नोंद होते. सेवेचे तसे नाही. ती दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावी लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. सरकारने खासगी नवउद्यमींच्या मागे का लागावे? स्वतःच का बांधू नये? कोविन ही प्रणाली जानेवारी २०२१ मध्ये उभी राहिली आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी मात्रांची नोंद तिच्यावर झाली. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने घडवलेल्या ई-संजीवनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये १० कोटी दूरसल्ल्यांचा टप्पा ओलांडला. दोन्ही सार्वजनिक मालकीच्या, दोन्ही कोणा एका कंपनीला बांधील नसलेल्या. नोंदणी, ओळख, नोंदींची देवाणघेवाण हा पाया सरकारचाच असावा, असे माझेही मत आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा गाभाही तोच आहे. पण डोळ्याच्या पडद्याची प्रतिमा वाचणारी किंवा नवजात बाळाच्या श्वासावर लक्ष ठेवणारी प्रणाली सरकारी संगणक केंद्रात घडेल, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. रस्ता सरकारने बांधावा. त्यावरची प्रत्येक गाडी सरकारी असू शकत नाही.

आणि सरकारने स्वतः केले म्हणून वापरणाऱ्याचा विचार झालाच, असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन कार्यालयांत जाऊन परत केले. फोन तापत होते, बंद पडत होते, त्यांची क्षमता अपुरी होती, आणि ज्या पोषण ट्रॅकरवर माहिती भरायची तो इंग्रजीत होता. मराठी शाळेत शिकलेल्या, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईने बाळाचे वजन इंग्रजी रकान्यांत भरावे, हे ठरवताना तिला कोणी विचारले नव्हते. फोनची खरेदी नियमानुसारच झाली असेल, याबद्दल मला शंका नाही.

त्याच राज्यातील दुसरा प्रसंग २०२२ चा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चालत आलेली माहिती व्यवस्थापन प्रणाली ठेकेदाराशी झालेल्या वादात बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. वादात कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. करार संपताना नोंदी कोणाच्या, त्या कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत नव्या प्रणालीकडे जातील, हस्तांतर होईपर्यंत सेवा चालू ठेवण्याचे बंधन कोणावर, या प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवशीच करारात लिहिलेली हवीत. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा झाला. खरेदी करारांची भाषाही त्यामुळे बदलायला हवी.

मार्ग शोधायला फार दूर जावे लागत नाही. संरक्षण खात्याने एप्रिल २०१८ मध्ये ‘आयडेक्स’ योजना आणली. सैन्यदले आपली अडचण जाहीर करतात, नवउद्यमी तिच्यावर उपाय सुचवतात, निवडलेल्यांना प्रारूप घडवण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि २०२० च्या संरक्षण संपादन प्रक्रियेत यशस्वी प्रारूपाच्या खरेदीची वाट आखून दिलेली आहे. अनुदान आणि खरेदी यांना जोडणारा हा धागा आरोग्य खात्याकडे नाही. सीमेवरच्या जवानासाठी जी लवचीकता आपण दाखवली, ती प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेसाठी का दाखवता येऊ नये?

जर्मनीने २०१९ च्या कायद्याने आणखी वेगळी रीत काढली. आरोग्याशी निगडित अ‍ॅपना सुरक्षिततेची छाननी झाल्यावर १२ महिन्यांसाठी तात्पुरती मान्यता मिळते, डॉक्टर ती लिहून देतात, खर्च सार्वजनिक विमा देतो. त्या मुदतीत परिणाम सिद्ध झाला नाही तर नाव यादीतून जाते, आणि काहींचे गेलेही आहे. पहिल्या वर्षी दर कंपनीच ठरवते, आणि हे दर अवाच्या सवा असल्याची विमा संस्थांची तक्रार आहे. ती रास्त वाटते. तात्पुरती मान्यता घ्यावी. दर ठरवण्याची मोकळीक मात्र आपल्याला परवडणारी नाही.

‘नावीन्य’ या शब्दाचा धाक बाळगावा, असेही मला वाटते. स्पर्धा टाळून एकाच पुरवठादाराला काम देण्यासाठी यापेक्षा गोड शब्द सापडणार नाही. म्हणून नवे दार उघडायचे असेल तर त्याला उंबरठाही हवा. आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची यंत्रणा आहे. मोठ्या खरेदीपूर्वी तिचा अहवाल बंधनकारक करावा आणि तो प्रसिद्धही करावा. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट या रेण्वीय चाचणी यंत्राला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ती क्षेत्रीय चाचण्यांतून पुराव्यानिशी मिळाली. असा पुरावा उभा करण्याचा खर्च छोट्या कंपनीला झेपत नाही, आणि तो सरकारने उचलला तर त्याचे निष्कर्षही सार्वजनिक मालकीचे राहतील.

निविदेचा मसुदाही उलटा लिहायला हवा. किती गिगाबाइट, किती इंच, किती वर्षांचा अनुभव, यांऐवजी अडचण लिहावी: या जिल्ह्यात इतक्या मधुमेहींच्या डोळ्यांची तपासणी वर्षभरात व्हायला हवी, त्यातील गंभीर रुग्ण महिन्याभरात शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायला हवेत. देयकाचा एक हिस्सा त्या पोहोचलेल्या रुग्णांशी बांधावा. निव्वळ नोंदींच्या संख्येवर पैसे दिले, तर नोंदी वाढतात.

यासाठी देशपातळीवर सार्वजनिक खरेदीचा कायदा असता तर काम सोपे झाले असते. असे विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि बारगळले. तमिळनाडू, कर्नाटक, राजस्थान यांनी आपापले कायदे केले आहेत. केंद्राचा कारभार अजून वित्तीय नियमांवर आणि परिपत्रकांवर चालतो. परिपत्रकाने अधिकाऱ्याला मुभा मिळते, संरक्षण मिळत नाही. तूर्त निदान एवढे करता येईल: खरेदी समितीने कमी दराची निविदा का नाकारली याची कारणे त्याच दिवशी लिहून संकेतस्थळावर टाकावीत, आणि लेखापरीक्षकाने त्या दिवशी समितीपुढे असलेल्या माहितीवरच तिचा निर्णय तोलावा. क्षयरोग मोहिमेत घेतलेल्या यंत्रांचे देखभाल करार यथावकाश संपतील आणि नव्या निविदा निघतील. त्यांतील तांत्रिक परिशिष्टाचे मसुदे या वेळी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना आधी वाचायला मिळणार का, हे मी आरोग्य मंत्रालयाला विचारू इच्छितो.