मावतं म्हणजे पेलतं का?

माणसांचे पक्ष कसे पाडावेत याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. आमच्या ब्रँचमध्ये चहा पिणारे आणि चहा पाजणारे असे दोन पक्ष आहेत, आणि पहिल्याचं बहुमत कधी ढळलेलं नाही. पण गेल्या डिसेंबरात कॅनडात, कॅलगरीला, साडूंच्या घरी महिनाभर राहून आल्यापासून माझं ठाम मत झालंय की जगात खरे पक्ष दोनच. एक टेपवाल्यांचा आणि दुसरा काटेवाल्यांचा. टेपवाला वस्तू मावते का बघतो. काटेवाला ती पेलते का विचारतो. टेपवाले उत्साही असतात, लोकप्रिय असतात, सहलीला त्यांना आधी बोलावतात. काटेवाल्याला कुणी बोलावत नाही. तो बायकोच्या बहिणीचा नवरा म्हणून आपोआप आलेला असतो.

मी काटेवाला. बी. कॉम. झालो आणि अठरा वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, की माणसाचं दुसरं काय होणार?

आमचे साडू कडवे टेपवाले. त्यांच्याकडं दोन स्लेड आहेत. स्लेड म्हणजे तिकडचा स्नोमोबाइल. पुढं दोन स्की, मागं रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर एक माणूस, ज्याला घरी बसवत नाही. क्वेबेकमधल्या वॅलकोर्ट गावच्या बोम्बार्डियर नावाच्या मेकॅनिकनं पोरवयातच बर्फावर पळणारी गाडी केली आणि 1959 साली त्याच्या कंपनीनं हलका ‘स्की-डू’ बाजारात आणला, तेव्हापासून त्या देशातला हिवाळा शांत राहिलेला नाही. हे वाहन बर्फावर वाऱ्यासारखं पळतं, पण डांबरी रस्त्यावर त्याला उचलून न्यावं लागतं. म्हणजे वाहनाला वाहन लागतं. आमच्याकडं वराचा घोडा टेंपोतून आणतात, तसलाच प्रकार.

साडूंचा पिकअप आहे. त्याचा मागचा हौदा साडेसहा फूट लांब. चाकांच्या कमानींच्या मध्ये चार फुटांहून थोडी जास्त जागा. एक स्लेड चार फूट रुंद आणि साडेदहा फूट लांब. एक कसाबसा बसतो आणि मागं शेपूट काढतो. दुसरा बसतच नाही. मग काय करायचं? हौद्याच्या कठड्यांच्या वर, दोन्ही बाजूंना बाहेर येईल असा आठ फूट रुंदीचा ओटा बांधायचा आणि त्यावर दोन्ही स्लेड शेजारी शेजारी चढवायचे. याला स्लेड डेक म्हणतात. ॲल्युमिनियमचा तयारही मिळतो, पण त्याला काही हजार डॉलर पडतात, आणि साडू मूळचे कोल्हापूरचे. ‘‘साडूभाऊ, लाकडाचा घरीच करू. तुम्ही आहातच मदतीला.’’

मी मदतीला होतो. बाहेर उणे बावीस आणि गॅरेजमध्ये एक हीटर. साडू टेप लावत होते, मी टेपचं दुसरं टोक धरत होतो. रुंदी शहाण्णव इंच. कायद्यानं गाडी 2.6 मीटरपर्यंत, म्हणजे एकशे दोन इंचांपर्यंत चालते. ‘‘बघा, बसतंय!’’ उंची बघितली, बसतंय. पुढचं टोक टपाला लागत नाही ना? बसतंय! त्या आठवड्यात ‘बसतंय’ हा शब्द मी इतक्यांदा ऐकला, की रात्री जेवायला बसतानाही दचकायला व्हायचं.

तिथं मला आणखी एक ज्ञान झालं. त्या देशात ‘दोन बाय चार’ म्हणून जे लाकूड विकतात ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचं असतं. मी दुकानात टेप लावून दाखवलं, तर तिथला माणूस माझ्याकडं करुणेनं बघायला लागला. रंधून, वाळवून तेवढंच उरतं म्हणे. म्हणजे ग्रॉस पगार सांगायचा आणि नेट हातात ठेवायचा. तसंच गाडीचं. साडूंच्या पिकअपला ‘हाफ-टन’ म्हणतात. ती अर्ध्या टनाहून जास्त ओझं उचलते; नाव जुन्या काळचं, तसंच चिकटून राहिलंय. जिथं दीडाला दोन म्हणतात आणि पाऊण टनाला अर्धा, तिथं खरा आकडा शोधायचा कुठं?

तो आकडा असतो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर. टायरच्या हवेच्या माहितीशेजारी छोटी पट्टी चिकटवलेली असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या, इतक्या पौंडांच्या वर कधीही जाऊ नये. जाहिरातीतला आकडा हा कंपनीच्या सगळ्यात उघड्याबोडक्या गाडीचा असतो. पट्टीवरचा मात्र त्याच गाडीचा, कारखान्यातून निघताना जे जे बसवलं ते वजा करून उरलेला. माझ्या दृष्टीनं ते पासबुक. साडूंनी गाडी घेऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांनी पासबुक उघडलेलं नव्हतं. पट्टीवर 1,480 पौंड लिहिले होते.

त्या रात्री मी न्हाणीघरातला काटा गॅरेजमध्ये नेला. (मेहुणी म्हणाली, ‘‘भाऊजी, पोहे जड झाले का?’’) कापलेले वासे, पाऊण इंची प्लायवूडचे दोन तावदान, चढवायचा रॅम्प, नटबोल्ट, एकेक उचलून तोललं. डेक: 430 पौंड. दोन स्लेड, पेट्रोल आणि परतीच्या वेळी अंगाला चिकटलेल्या बर्फासकट, प्रत्येकी 550 धरले, म्हणजे 1,100. इथंच 1,530 झाले. अजून गाडीत माणूस बसलेला नाही! साडू 195, भाचा 145, मी 165. जाडजूड कपडे, हत्यारं, पेट्रोलचे दोन कॅन, मेहुणीचे डबे मिळून 150. एकूण 2,185. शिल्लक 1,480. ओव्हरड्राफ्ट 705 पौंड, आणि मंजुरी कुणाचीच नाही.

सकाळी कागद साडूंसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘तुम्ही नाही आलात तर 165 कमी होतील.’’

आता इथून माझं भांडण सुरू होतं, आणि ते एकट्या साडूंशी नाही. टेपवाल्यांची वकिली ठरलेली असते, जगाच्या कुठल्याही टोकाला जा. पहिला मुद्दा, ‘सगळे असंच नेतात.’ बुडीत कर्जाच्या फाइली मी अठरा वर्षं बघतोय. प्रत्येक फाइलीत हे वाक्य कुठंतरी असतंच. दुसरा मुद्दा, ‘गाडी दबलेलीसुद्धा दिसत नाही. आणि दबली तर स्प्रिंगच्या जोडीला हवेच्या पिशव्या बसवू, गाडी पुन्हा समपातळीत.’ येईल ना. समपातळीत येईल, पण ॲक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. पासबुकाला नवं प्लास्टिकचं कव्हर घातल्यानं शिल्लक वाढते का?

तिसरा मुद्दा मात्र माझ्या वर्मी लागला. साडू म्हणाले, ‘‘तुम्ही कोल्हापूरची माणसं आम्हाला वजन शिकवता? उसाच्या ट्रॉल्या बघितल्यात आम्ही.’’

म्हणूनच तर सांगतोय! चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडताना मी बघितलीयत. मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की विजेच्या तारांनी अंग चोरावं, आणि स्टिअरिंग धरलेला गडी चाकं हवेत असताना कुठं वळवणार, तर नशिबाकडं. पोरं कडेनं ऊस ओढायला पळतात. ओझं मागच्या चाकांच्या मागं गेलं की पुढचं हलकं होतं, हा नियम ऊस आणि स्नोमोबाइल यांत फरक करत नाही. पिकअपचं पुढचं चाक उचलत नाही एवढंच. ते रस्ता थोडा सैल धरतं, दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं, गाडी आज काय हलकी चालतीय! त्यात हे ओझं हौद्याच्या तळाशी नाही, तर माझ्या छातीच्या उंचीवर. वळणावर ते काय करील हे समजायला बी. कॉम.चीही गरज नाही. डोक्यावर दोन घागरी घेऊन वळलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

आणि जायचं कुठं, तर रेव्हलस्टोकला. चारशे किलोमीटर, किकिंग हॉर्स खिंड सोळाशे मीटरच्या वर, मग रॉजर्स खिंड. तिथं एक ऑक्टोबरपासून तीस एप्रिलपर्यंत बर्फाचे टायर सक्तीचे आहेत, इतका तो रस्ता गुणाचा. मला राग कशाचा आला सांगू? साडू बेफिकीर असते तर मी गप्प बसलो असतो. पण ते हिमकड्याचा रोजचा अंदाज वाचल्याशिवाय डोंगरात पाऊल ठेवत नाहीत. दोघांच्या छातीला बीपर, पाठीला फावडं, बर्फात गाडलेला माणूस शोधायची लांब सळई. डोंगरानं दगा दिला तर काय, याची सगळी तयारी. गाडीनं दिला तर? तिला विचारायचंच नाही. तिच्यात मावतंय ना! मागच्या सीटवर सतरा वर्षांचा मुलगा बसणार आहे, आणि त्याचे 145 पौंडसुद्धा त्या पट्टीवरच्या आकड्यातूनच जातात, हे मी बोललो तेव्हा मेहुणीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. इतका वेळ ती तटस्थ होती.

बांधकामाबद्दल मी फार बोलणार नाही. सुतारकामात मला गती नाही. पण एक सांगतो. साडूंनी स्लेड डेकला बांधायचे पट्टे उत्तम प्रतीचे आणले होते, घट्ट आवळायचे. डेक गाडीला कशानं बांधायचा विचारलं, तर हौद्याच्या कोपऱ्यांतल्या चार बारीक कड्या. प्रवाशाला सीटला बांधलं आणि सीट बसमध्ये नुसतीच ठेवली! शेवटी चॅसिसपर्यंत बोल्ट गेले, ते माझ्या कटकटीमुळं. रॅम्पचं वरचं टोक साखळीनं अडकवायचं, नाहीतर स्लेड चढताना रॅम्प मागं सरकतो, हेही भाच्यानं आणि मी मिळून मान्य करून घेतलं. स्कीखालची धार प्लायवूड सोलून काढते म्हणून वर प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्या. ती कल्पना साडूंची, आणि चांगली होती. मी डेकच्या विरोधात नाही हो! पाऊण टनाच्या, एक टनाच्या दणकट गाड्यांवर लोक रीतसर डेक टाकतात. याच डेकवर एक स्लेड आणि गाडीत एकटे साडू गेले, तर सामानासकट 1,255 होतात, 225 पौंड हातात राहतात. खुशाल जा. उन्हाळ्यात एटीव्ही चढवायचा विचार आहे म्हणतात. तो एकेक सातशे पौंडांचाही असतो, म्हणून पुन्हा हिशेब करा आणि मग खुशाल जा. माझा विरोध डेकला नाही, बेरीज न करण्याला आहे.

शेवटी भाच्यानं तोडगा काढला. ‘‘काका, बाबा, चला काट्यावर.’’ गावाबाहेर हायवेला ट्रक तोलायचा काटा आहे. कर्मचारी नसले तरी आकडा दाखवणारा दिवा चालू होता. सगळा संसार लादून, तिघं आत बसून, गाडी काट्यावर उभी केली. गाडीची एकूण मर्यादा 3,198 किलो. दिव्यावर आकडा आला 3,480. म्हणजे 282 किलो जास्त, 622 पौंड. साडू काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, पण माझं कारण वेगळं होतं. माझा हिशेब 705 चा, काट्याचा 622. फरक 83 पौंडांचा! बँकेत असा फरक आला तर घरी जाता येत नाही. भाच्यानं सांगितलं, पेट्रोलचे कॅन अजून भरलेले नाहीत. त्याचे पासष्ट गेले. उरलेले अठरा मी सस्पेन्स खात्यात टाकले आणि मगच मला भूक लागली.

दोन स्लेडसाठी साडूंनी शेजाऱ्याचा ट्रेलर मागून आणला. ट्रेलरचं बहुतेक ओझं त्याची स्वतःची चाकं वाहतात. गाडीच्या मानेवर येतं ते दहा ते पंधरा टक्के. मार्जिन मनीसारखं. मी हे समजावून सांगताना साडू रस्त्याकडं बघत होते. रॉजर्स खिंडीत बर्फ पडत होता, आणि समोरून येणाऱ्या एका पिकअपचे दिवे आमच्या टपावरून गेले. कुणी काही बोललं नाही.

टेपवाल्यांच्या बाजूनं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. डेक लावलेली गाडी कुठंही वळते, कुठंही उभी राहते. ट्रेलर मागं घेताना मात्र स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं की तो डावीकडं जातो, आणि साडूंनी तो जन्मात मागं घेतलेला नव्हता. बोल्डर माउंटनच्या पायथ्याच्या पार्किंगमध्ये आम्हाला चाळीस मिनिटं लागली. मागं गाड्यांची रांग. मी गुडघाभर बर्फात उभा राहून एस. टी.च्या कंडक्टरसारखे हात हलवत होतो. साडूंनी काच खाली केली आणि ओरडले, ‘‘डेक असता तर एव्हाना डोंगरावर असतो!’’

मी म्हटलं, ‘‘येऊ द्या... येऊ द्या... आता डावीकडं मारा. तुमची डावी नव्हे, त्याची!’’