विश्लेषण : वय वाढले की भूक का मंदावते? पोट भरूनही पोषण का होत नाही?

अर्धी भाकरी खाऊन आजोबा ताट बाजूला सारतात आणि ‘वय झाले, भूक कमी होणारच’ म्हणून घरातले निश्चिंत होतात. वयाबरोबर भूक कमी होते, हे खरे. पण शरीराची प्रथिनांची गरज त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे ज्येष्ठांनी किती खाल्ले, याइतकेच आधी काय खाल्ले, हेही महत्त्वाचे ठरते.

भूक मंदावते म्हणजे नेमके काय होते?

अन्न आल्यावर जठराचा वरचा भाग उतारवयात पूर्वीइतका सैलावत नाही. अन्न लवकर खाली सरकते, तिथे ताण येतो आणि चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. जठर रिकामे होण्याचा वेगही काहीसा मंदावतो. ‘आता पुरे’ असा संदेश देणाऱ्या कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकाचे प्रमाण ज्येष्ठांच्या रक्तात जास्त आढळते. शिवाय वास आणि चवही कमी कळते.

घटलेले वजन आपोआप भरून येते का?

अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण व वृद्ध पुरुषांना २१ दिवस कमी आहार देण्यात आला. नंतर मनाप्रमाणे खाण्याची मुभा मिळताच तरुणांनी जास्त खाऊन वजन भरून काढले. वृद्धांना मात्र ते जमले नाही. आठवडाभराच्या तापात गेलेले दोन किलो वजन आजीला परत का मिळत नाही, याचे एक उत्तर यात आहे.

कोणता घटक किती पोट भरतो?

प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते, हा तरुणांना लागू पडणारा नियम. ज्येष्ठांमध्ये हा परिणाम सौम्य असतो. ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत व्हे प्रथिनांचे पेय घेतल्यानंतर वृद्धांचे पुढचे जेवण तरुणांइतके घटले नाही. म्हणजे मधल्या वेळी घेतलेली प्रथिने त्यांच्यासाठी बहुतांशी जास्तीची कमाईच ठरतात. तंतुमय पदार्थ आणि पातळ सूप जागा व्यापतात, उष्मांक मात्र कमी देतात. स्निग्ध पदार्थ जठरात रेंगाळतात. पण एका ग्रॅममागे ९ कॅलरी देतात. कर्बोदके व प्रथिनांतून ४ कॅलरी मिळतात.

ताटात काय बदलावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ज्येष्ठांसाठी १ ते १.२ ग्रॅम हवीत, असे २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुचवले. ६० किलोच्या व्यक्तीसाठी हा हिशेब ६० ते ७२ ग्रॅम होतो. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम मिळतात.

म्हणून जेवणाची सुरुवात कोशिंबीर किंवा पातळ सारापेक्षा घट्ट वरण, उसळ, अंडे, मासे किंवा पनीरने करावी. भाजी बंद करू नये, नंतर घ्यावी. पेजेत दूध किंवा मूगडाळ घालावी, भातावर चमचाभर तूप. जेवणाआधीचा चहा-बिस्किटांचा फेरा टाळावा. त्याऐवजी मधल्या वेळी दूध किंवा ताक द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. मधुमेह वा हृदयविकार असल्यासही त्यांच्या सल्ल्यानेच आहार बदलावा.

दुर्लक्ष कधी करू नये?

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटले, तर तपासणी करून घ्यावी. ६० किलोच्या माणसासाठी ही मर्यादा फक्त ३ किलोंची आहे. नैराश्य, न बसणारी कवळी किंवा मेटफॉर्मिनसारखे औषधही भूक मारू शकते. एकट्याने जेवणारी माणसे कमी खातात, हेही अभ्यासांतून दिसले आहे.

घटलेल्या वजनाबरोबर स्नायूही जातात आणि पडण्याचा धोका वाढतो. त्यामुळे ताट परत गेले की ‘वय झाले’ म्हणण्याऐवजी महिन्यातून एकदा वजनकाटा काढावा, आणि रोज एका वेळी तरी सोबत जेवायला बसावे.