चरित्रातून नाहीसा झालेला रुग्ण : असिसी, मोलोकाई आणि वर्धा

१/ ख्रिस्ती संतांच्या चरित्रांत कुष्ठरुग्ण वारंवार भेटतो. त्याचे नाव मात्र क्वचितच भेटते. संताची करुणा सिद्ध झाली की त्याचे काम संपते. वर्धा जिल्ह्याचा इतिहास शेजारी ठेवला म्हणजे ही उणीव किती मोठी आहे ते कळते.

२/ इटलीतील असिसीचे संत फ्रान्सिस १२२६ मध्ये निवर्तले. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी मान्य केले आहे की, पूर्वायुष्यात कुष्ठरुग्णांचे दर्शनही त्यांना कडू वाटे. त्यांच्यात वावरल्यावर तो कडवटपणा गोडीत पालटला. ही कबुली किती मानवी आहे! पुढील चरित्रकारांनी मात्र प्रसंग रंगवला. फ्रान्सिस घोड्यावरून उतरतात, रुग्णाचे चुंबन घेतात, पुन्हा घोड्यावर बसून पाहतात, तर मोकळ्या माळावर कोणीच नाही. शतकानुशतके हा चमत्कार म्हणून वाचला गेला. वस्तुतः येथे एका आजारी माणसालाच कथेबाहेर घालवले आहे.

३/ हवाईच्या राज्याने १८६५ मध्ये कायदा केला आणि कुष्ठरुग्णांची रवानगी मोलोकाई बेटाच्या कड्याखालील भूशिरावर होऊ लागली. बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ मध्ये तेथे गेले. त्यांनी घरे बांधली, नळाने पाणी आणले, शवपेट्यादेखील स्वतः केल्या आणि १८८९ मध्ये त्याच रोगाने देह ठेवला. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

४/ त्याच वसाहतीत अँब्रोझ हचिसन हा रुग्ण १८७९ मध्ये आला, पुढे तिचा अधीक्षक झाला आणि त्याने डेमियन यांच्या आठवणी लिहिल्या. रुग्णाने लिहिलेला संत! डेमियनभक्तांच्या किती पुस्तकांत हचिसनला मानाचे पान मिळते?

५/ आता वर्धा. हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेले बाबा आमटे वरोऱ्यात एका मरणासन्न कुष्ठरुग्णाला पाहून भयाने पळाले होते, हे त्यांनी कधी लपवले नाही. फ्रान्सिस यांच्या अनुभवाशी हे नाते उघड आहे. भेद इतकाच की, येथे त्या रुग्णाचे नाव टिकले : तुळशीराम.

६/ त्याआधीच, १९३६ मध्ये, विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले होते.

७/ सेवाग्रामची कथा सर्वांत बोलकी. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या परिचयाचे झाले होते. १९३९ मध्ये ते आश्रमाच्या दारी आले. इतर आश्रमवासीयांच्या काळजीने गांधीजी प्रथम अडखळले. मग आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी उभारली आणि स्वतः त्यांचे अंग चोळू लागले. परंतु शास्त्रीजी केवळ सेवेचा विषय राहिले नाहीत. आश्रमातील विवाहात त्यांनी पौरोहित्यही केले. ज्याची सावली टाळली जाई, त्याच्या मंत्रोच्चाराने संसार सुरू झाला. मालिशीपेक्षा हा प्रसंग अधिक क्रांतिकारक होय. पाठ्यपुस्तकी इतिहासात मात्र तो सापडत नाही.

८/ त्या सेवेचे छायाचित्र आजही सर्वत्र फिरते. त्याखाली बहुधा एवढेच लिहिलेले असते : ‘कुष्ठरुग्णाची सेवा करताना महात्मा गांधी.’ परचुरे शास्त्री यांचे नाव नसते.