माघारीची किंमत किती?

जून महिना आला की आपल्या शहरांत बिऱ्हाडे हलू लागतात. बदली झालेला कारकून, नव्याने नेमणूक मिळालेला शिक्षक, महाविद्यालयात प्रवेश घेतलेले विद्यार्थी, असे सारेच या सुमारास भाड्याच्या जागेच्या शोधात असतात. जागा पसंत पडते, दलाल घाई करतो, अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर सह्या होतात आणि दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम घरमालकाच्या हाती पडते. क्वचित असे होते की, सामान हलविण्यापूर्वीच परिस्थिती पालटते. बदली रद्द होते, प्रवेश दुसरीकडे मिळतो, घरात कोणी आजारी पडते. अशा वेळी माघार घेणाऱ्याने काय गमवावे, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. ज्याच्या घरी महिन्याच्या विसाव्या तारखेला पैसे संपतात, त्याला तो किरकोळ नसतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे उदाहरण या प्रश्नाच्या सर्व बाजू दाखविणारे आहे. तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या या तरुणाला पुण्यातील एका महाविद्यालयात काम मिळाले. त्याने १ जुलैपासून दरमहा ११,००० रुपये भाड्याने जागा ठरविली, करारावर सही केली आणि ३३,००० रुपये अनामत भरली. ही रक्कम वडिलांनी आपल्या पतपेढीतून कर्जाऊ काढली होती. पुढे कार्यभार कमी झाल्याचे कारण देऊन महाविद्यालयाने नेमणूक रद्द केली. २१ जून रोजी त्याने घरमालकांना भेटून परिस्थिती सांगितली. “सही म्हणजे सही,” एवढेच उत्तर मिळाले. करारात ‘मुदतीपूर्वी माघार घेतल्यास अनामत जप्त’ असे एक कलम होते. ८ जुलैला त्याच जागेत दुसरे कुटुंब तेवढ्याच भाड्याने राहावयास आले. अनामत मात्र परत मिळाली नाही.

या प्रसंगी दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले घरमालकांचे: करार मोडला, पैसे गेले, विषय संपला. दुसरे भाडेकरूंचे: मी त्या घरात एक रात्रही राहिलो नाही, तेव्हा माझ्याकडून काही घेण्याचा मालकाला अधिकारच काय? दोन्ही मते ठामपणे मांडली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत.

भाडेकरूचे मत प्रथम घेऊ. करार सहीने सिद्ध होतो; ताबा ही त्या कराराची पूर्तता आहे. ताबा घेतला नाही म्हणून करार नाहीसा होत नाही. सही केल्यावर काही दिवसांत विनाकारण परत फिरता येते, अशी एक समजूत सुशिक्षितांतही आढळते. जागेच्या भाड्याच्या करारासाठी अशी मुदत आपल्या कायद्यात नाही. शिवाय घरमालक म्हणजे दरवेळी कोणी धनाढ्य नसतो. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून दोन खोल्यांची सदनिका घेतलेला निवृत्त शिक्षकही घरमालकच असतो, आणि त्या जागेचे भाडे हीच त्याची औषधपाण्याची तरतूद असते. तुमच्या शब्दावर विसंबून त्याने आणखी दोघांना परत पाठविलेले असते. त्याचे जे नुकसान झाले ते भरून देणे हे माघार घेणाराचे कर्तव्यच आहे.

पण ‘जे नुकसान झाले ते’ या शब्दांतच घरमालकांच्या मताचे उत्तर आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७३ व्या कलमानुसार करारभंगाची भरपाई प्रत्यक्ष हानीपुरती असते, आणि ती ठरविताना गैरसोय टाळण्याचे कोणते उपाय हाती होते हेही पाहावे, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. म्हणजे रिकाम्या जागेला कुलूप लावून अकरा महिन्यांचे भाडे मागता येत नाही. नवा भाडेकरू पाहण्याचा रास्त प्रयत्न मालकाने केला पाहिजे. ७४ वे कलम आणखी स्पष्ट आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती भरपाईची कमाल मर्यादा होय. त्या मर्यादेच्या आत जी वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात हेच तत्त्व लावले. १९८२ च्या लिलावात एका भूखंडासाठी ३ कोटी १२ लाख रुपयांची बोली मंजूर झाली होती आणि ७८ लाख रुपये इसार म्हणून भरले गेले होते. व्यवहार फिसकटला, प्राधिकरणाने इसार जप्त केला. पुढे १९९४ मध्ये तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला गेला. बोली लावणाऱ्याने करार मोडलेलाच नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. आणि त्याबरोबरच, जेथे हानी झालेली नाही तेथे इसार जप्त करता येत नाही, असेही सांगितले. कोट्यवधींच्या भूखंडाला जो न्याय लागू पडतो तो दोन खोल्यांच्या जागेला लागू पडू नये, असे म्हणण्यास आधार नाही.

आता आपल्या उदाहरणाचा हिशेब मांडून पाहू. जुलैचे पहिले सात दिवस जागा रिकामी राहिली. त्याचे भाडे सुमारे २,५०० रुपये. नव्या भाडेकरूसाठी मालकाने दलालाला पुन्हा अर्ध्या महिन्याचे भाडे म्हणजे ५,५०० रुपये दिले. नव्या कराराचे मुद्रांक आणि नोंदणी यांतील मालकाचा वाटा १,२०० रुपये धरू. एकूण हानी झाली ९,२०० रुपयांची. ती वजा जाता २३,८०० रुपये परत मिळावयास हवे होते. ही रक्कम ठेवून घेण्यास नुकसानीचा आधार नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती भरपाई नव्हे, निव्वळ लाभ आहे. आणि माघारीपासून ज्याला लाभ होतो, त्याला दुसऱ्याच्या अडचणीत हित दिसू लागते, हा या व्यवहारातील खरा धोका होय.

घरमालकांच्या ताठरपणामागे इतिहास आहे, हेही मान्य केले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. त्यातून पागडी आली आणि पुढे ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट निघाली. १९७३ मधील दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही, ही भीती मालकवर्गाच्या मनात तेव्हापासून घर करून आहे. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या भीतीवर उपाय केला आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट शुल्क द्यावे लागते आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे संक्षिप्त पद्धतीने दाद मागता येते. शिवाय जो माणूस जागेत शिरलाच नाही, त्याच्या बाबतीत या भीतीला जागाच उरत नाही.

याउलट, अनामत अडकलेल्या माणसासाठी त्या कायद्यात अशी झटपट वाट नाही. त्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावयाची, वकील द्यावयाचा आणि २३,८०० रुपयांसाठी वर्षानुवर्षे तारखा मोजावयाच्या. साहजिकच तो नाद सोडून देतो. कायद्याने दिलेला हक्क वसूल करण्याचा खर्च हक्काच्या किमतीहून अधिक झाला की तो हक्क कागदावर राहतो. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडे कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करण्याची सूचना आहे. ती उपयुक्त आहे. पण तो नमुना आहे, स्वीकारणे न स्वीकारणे राज्यांच्या हाती आहे. शिवाय रक्कम लहान झाली तरी ती कोणत्या हिशेबाने परत करावयाची हा प्रश्न राहतोच.

म्हणून उपाय सहीच्या आधीच केला पाहिजे. ताबा घेण्यापूर्वीच्या माघारीचे स्वतंत्र कलम प्रत्येक करारात असावे. परवानाधारकाने माघार घेतल्यास नवा भाडेकरू येईपर्यंतचे, परंतु जास्तीत जास्त एका महिन्याचे भाडे आणि पावतीनिशी दाखविलेला खर्च वजा करून उरलेली अनामत पंधरा दिवसांत परत करावी. आणि हेच कलम उलट दिशेनेही लागू असावे. सही झाल्यावर अधिक भाडे देणारा भेटला म्हणून किल्ली नाकारणारे मालक कमी नाहीत. “तुमची अनामत परत घेऊन जा,” एवढे म्हटले की आपण मोकळे झालो, असे त्यांना वाटते. ऐन जूनमध्ये सामानासह रस्त्यावर आलेल्या कुटुंबाला नवी जागा शोधण्याचा खर्च आणि एका महिन्याचे भाडे त्यांनी दिलेच पाहिजे.

महाराष्ट्रात असा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने सक्तीचे आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर असून, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या अर्थी नोंदणी शासनाच्या कचेरीत होते, त्या अर्थी असे समतोल कलम असलेला नमुना शासनाने मराठीत उपलब्ध करून देणे अवघड नाही. आज बहुतेक करार दलालाच्या संगणकातून निघतात आणि सही करणारा ते वाचीतही नाही. माघार घेणारानेही आपले कर्तव्य ओळखावे. अडचण कळताच त्याच दिवशी लेखी कळवावे, किल्ली घेतली असल्यास परत द्यावी आणि जमल्यास नवा भाडेकरू सुचवावा. विलंबाचा प्रत्येक दिवस मालकाची हानी वाढवितो आणि ती भरून देणे न्याय्यच आहे.

माझ्या विद्यार्थ्याचे वडील पतपेढीचे हप्ते अद्याप फेडीत आहेत. त्यांना त्या ९,२०० रुपयांचे दुःख नाही. मुलाने सही केली होती, तेव्हा तेवढे द्यावेच लागले असते, असे ते स्वतःच म्हणतात. उरलेले पैसे कशापोटी गेले, असे ते विचारतात. या प्रश्नाला सरळ उत्तर देता येईल असे करार आपण लिहू लागलो, तर पुढच्या जूनमध्ये निदान काही घरांतील कलह तरी टळतील.