नळ घरात, सांडपाणी नदीत

बुलढाणा जिल्ह्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी ज्ञानगंगा खामगाव तालुक्यातून वाहत पूर्णेला मिळते आणि पूर्णा चांगदेवजवळ तापीला. पुढे हतनूर धरणाचे पाणी भुसावळ परिसर वापरतो. म्हणजे पिंपळगाव राजासारख्या गावाच्या गटारातून जे वाहते, ते गावाच्या वेशीपाशी संपत नाही. ते खालच्या गावाच्या वाट्याला येते.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरमाणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. ह्या योजनेचे आम्ही स्वागतच करतो. डोक्यावरचा हंडा उतरणे हीदेखील स्त्रियांची मुक्ती आहे. परंतु पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. दहा हजार वस्तीच्या गावात रोज साडेपाच लाख लिटर पाणी आले, तर सुमारे चार लाख चाळीस हजार लिटर सांडपाणी निघणार. ते जाणार कोठे?

शहरांनी ह्यावर प्रक्रिया प्रकल्पाचे उत्तर शोधले. ह्या प्रकल्पात प्रथम जाळीने कचरा अडवतात, वाळू व गाळ खाली बसू देतात आणि नंतर पाण्यात हवा सोडून जिवाणूंकरवी घाण खाववतात. हे काम नदीही करते. पण घाण फार झाली की नदीतील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. प्रकल्पातील हवा विजेवर चालते. वीज दीर्घकाळ गेली, देयक थकले किंवा जाणकार कर्मचारी नसला, की जिवाणू मरतात आणि घाण पाणी जसेच्या तसे नदीत जाते.

ही भीती काल्पनिक नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. प्रकल्पांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. प्रत्यक्ष प्रक्रिया मात्र केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर होत होती. उभारलेल्या क्षमतेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वापराविना पडून होता. उद्‌घाटनाची कोनशिला बसवणे सोपे, दरमहा वीजदेयक भरणे कठीण.

म्हणून गावांनी शहरांच्या चुका गिरवू नयेत, असे आम्हांस वाटते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे व डास हटवले. आपल्याकडे काळ्या चिकण मातीत पाणी सहज मुरत नाही. तेथे गावाबाहेर स्थिरीकरण तळी करावी लागतील. त्यांत ऊन, शेवाळ व जिवाणू सावकाश काम करतात. विजेची गरज जवळजवळ नसते. मात्र शौचालयाचे पाणी शोषखड्ड्यात सोडू नये. त्याची वेगळी व्यवस्था हवी, नाहीतर विहिरी नासतील. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गोड पाणी आधीच दुर्मीळ आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे ठामपणे मांडले. हक्क म्हटला की कोणाचे तरी कर्तव्य आले. खालच्या गावातील माता जे पाणी भरते, त्याबाबतचे कर्तव्य वरच्या गावाचे आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा नदीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरते.

संदेष्टा यहेज्केल ह्याला मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेला प्रवाह दिसला होता. तो जेथे पोहोचला तेथे जीवन बहरले. आपल्या उंबरठ्यावरून निघणारा प्रवाह काय घेऊन जातो, हे प्रत्येक कुटुंबाने पाहावे. येत्या ग्रामसभेत आपल्या भाविकांनी इतर ग्रामस्थांसमवेत एकच प्रश्न विचारावा: नळयोजनेच्या आराखड्यात सांडपाण्यासाठी जागा, निधी व देखभालीची तरतूद किती? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. प्रार्थनेला अशा जागरूकतेची जोड मिळाली, तरच सृष्टीचे राखणदार हे नाव आपल्याला शोभेल.